खूण नसलेला ठसा

अण्णांनी दुकान विकलं, त्या दिवशी दोन लाखांत त्याच रस्त्यावरची तीन घरं आली असती. ते दोन लाख हातात पडले, त्या दिवशी त्यांत कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी आली. मधे एकच वर्ष गेलं होतं. ते कसं गेलं हे थोरलीला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या वर्षाच्या नोटांचे ठसे तिनेच कोरले होते.

अण्णा शिक्के आणि नावाच्या पितळी पाट्या कोरून द्यायचे. खाली दुकान, वर दोन खोल्या. बायको लवकर गेली, तेव्हा दोन्ही मुली त्या दुकानातच वाढल्या. थोरलीने वडिलांच्या शेजारी बसून कोरणी धरली आणि पुढे सरकारी नोटांच्या छापखान्यात ठसे कोरायला लागली. धाकटीला या धातूच्या कुटाण्यात कधीच रस नव्हता. तिने कोषागारातला एक हुशार अधिकारी हेरला आणि लग्न करून मोकळी झाली.

हा मेहुणा दर शनिवारी छापखान्याला एक कागद पाठवायचा. पुढच्या आठवड्यात कोणत्या नोटा छापायच्या आणि किती, एवढंच त्यात असायचं. आधी वर्षातून एकदा, मग महिन्याला, मग आठवड्याला त्या आकड्यात एकेक शून्य वाढत गेलं. कामगारांनी त्याचं नाव शून्यसाहेब ठेवलं. त्याच्या कानावर ते आलं तेव्हा तो रागावला नाही. त्याला ते आवडलं.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोरणाऱ्याचे डोळे गेले की हातांचा उपयोग संपतो. दूरच्या शहरातला एक डॉक्टर शस्त्रक्रिया करत असे, पण त्याची फी भारी होती. दुकान विकावं असा विचार निघाला, तेव्हा जावईच पुढे आला.

"बाहेरच्याला कशाला देता, अण्णा? मी घेतो. दोन लाख. कोणी एवढे देणार नाही. फक्त वर्षाची मुदत द्या, एकरकमी चुकते करतो. तोवर तुम्ही वरच राहा, भाडं नको."

"जावईबापू, तुम्ही म्हणता म्हणजे झालंच. कागद कशाला?"

"छे छे, कागद करू. व्यवहार तो व्यवहार."

कागद झाला. जावयाने स्वतःच्या हाताने आकडा लिहिला, अंकांत आणि अक्षरांत.

वर्ष पुरं झालं त्या रविवारी त्याने एक पाकीट आणून दिलं आणि चहा न घेताच गेला. पाकिटात एकेक लाखाच्या दोन नोटा होत्या. थोरली तिथेच होती. अण्णांनी एक नोट डोळ्याला जवळजवळ चिकटवली, वर भिंग धरलं, आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही तुझी रेघ."

"हो, अण्णा."

"कपाळावरच्या आठ्या बरोबर आल्यात. घाई नाही केलीस." मग त्यांनी विचारलं, "काय येतं गं आता यात?"

अण्णांनी काठी घेतली, भिंतीला हात लावत जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाची वडी घेऊन आले.

"एवढी आली," ते म्हणाले. "सुटे नव्हते त्याच्याकडे. वर चार काड्या दिल्या." आणि त्यांनी खिशातून आगपेटीतल्या चार सुट्या काड्या काढून टेबलावर ठेवल्या.

थोरली त्याच संध्याकाळी धाकटीच्या घरी गेली. शून्यसाहेब आरामखुर्चीत पाय पसरून बसला होता. धाकटी आत भांडी लावत होती.

"तुम्हाला माहीत होतं," थोरली म्हणाली.

"बसा ना, ताई. काय माहीत होतं?"

"वर्षभरात दोन लाखांचं काय होणार ते."

"माझं कामच ते." त्याने खुर्ची सरळ केली. शिकवायला मिळालं की त्याला हुरूप येत असे. "सरकारला दर महिन्याला सैनिकांचे पगार द्यायचे असतात, कारकुनांचे द्यायचे असतात, जुन्या लढाईची भरपाई शेजाऱ्याला द्यायची असते. पैसा आणायचे तीन रस्ते. कर वाढवा, तर लोक रस्त्यावर येतात आणि मंत्री घरी जातो. कर्ज काढा, तर आम्हाला आता कोणी दारात उभं करत नाही. तिसरा रस्ता तुमच्या टेबलावरून जातो. कागद, शाई आणि तुमची सुबक रेघ. हाही करच आहे, ताई. फक्त वसूल करायला कोणाचं दार वाजवावं लागत नाही. माणूस झोपलेला असतो आणि त्याच्या उशाखालचे पैसे अर्धे होतात."

"मग थांबवत का नाही?"

"कसं थांबवणार? कराची आकारणी होते आज, तो भरला जातो तीन महिन्यांनी. तोवर त्या पैशाला काडीची किंमत राहत नाही. म्हणजे खड्डा आणखी मोठा, म्हणजे आणखी छापा. वाघावर बसलोय आम्ही. उतरायचं कोणी?"

"आणि अण्णा?"

"अण्णांना मी ठरलेला पैसा दिला. एक पैही कमी नाही. आकडा तोच आहे ना?"

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता. धाकटी बाहेर आली नाही.

शस्त्रक्रिया झाली नाही. चार महिन्यांनी अण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडले आणि आठव्या दिवशी गेले. अंत्यविधीचा सगळा खर्च जावयाने केला, आणि तो केला हे चारचौघांना कळेल असाही केला. थोरली त्याच्याकडे बघत उभी होती. तिला रडू आलं नाही. हा माणूस पुन्हा कधीतरी आपल्या टेबलाशी येईल, एवढंच तिच्या मनात पक्कं बसलं.

त्यानंतरचं दीड वर्ष छापखान्यात कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. आधी नोटेच्या मागच्या बाजूची छपाई बंद झाली. मग अनुक्रमांक गेले. जुन्या हजाराच्या नोटांवर लाल शाईत 'कोटी' असा शिक्का मारून त्याच पुन्हा बाहेर जाऊ लागल्या. चेहरे, नक्षी, वेलबुट्टी सगळं संपलं. वीस वर्षं पोलादावर माणसांच्या पापण्या कोरणारी थोरली आता दिवसभर शून्यं कोरत होती.

पगार रोज मिळायचा. सकाळी अकराला घंटा व्हायची, प्रत्येकाला त्या दिवशीच्या नोटांची पुडकी मिळायची, आणि अर्धा तास सुट्टी. शाई ओली असायची. फाटकाबाहेर बायका, म्हाताऱ्या सासवा, पोरं पिशव्या घेऊन उभी असायची. पुडकी हातात पडताच पळ काढायचा आणि मिळेल ते घ्यायचं: बटाटे, खिळे, मेणबत्त्या, दुसऱ्याच्या मापाचे बूट. कारण याच नोटा दुपारी बाकीच्या शहरात पोचायच्या आणि मग दुकानदार पाट्या बदलायचे. ज्याच्या हातात नोट पहिल्यांदा, त्याला कालचा भाव, आणि शेवटच्याला उद्याचा. गावातले लोक छापखान्याच्या कामगारांकडे चोरांकडे बघावं तसं बघत.

"आपल्याला शिव्या देतात," यंत्रावरचा म्हातारा मुकादम म्हणायचा. "अरे, आपण अर्धा तासच पुढे आहोत. जे छापायला सांगतात, ते महिनाभर पुढे असतात."

मुकादमाचं म्हणणं खरं होतं. शून्यसाहेबाने एव्हाना अण्णांच्या दुकानासकट त्या रस्त्यावरची सहा घरं घेतली होती. पद्धत साधी होती. एका कातड्याच्या व्यापाऱ्याने धंदा सोडून सावकारी सुरू केली होती, त्याच्याकडून पाच आठवड्यांच्या मुदतीने नोटा उचलायच्या. व्याज आठवड्याला दुप्पट. ऐकून कोणी कपाळावर हात मारेल, पण भाव आठवड्याला चौपट होत होते. त्या नोटांत लगेच घर घ्यायचं आणि पाच आठवड्यांनी घराचं एक दार विकून सगळं कर्ज फेडायचं. यंत्रं चालू असेपर्यंत यात धोका नव्हता. फक्त यंत्रं कोणत्या दिवशी थांबणार हे माहीत हवं, आणि तो दिवस ठरवणाऱ्यांतच तो बसत असे.

मग सरकार पडलं. शेतकरी नोटा घेऊन धान्य द्यायला तयार होईनात आणि सैनिकांनी पगाराची पुडकी अधिकाऱ्यांच्या अंगावर फेकली, तेव्हा नवा मंत्री आला. त्याने पाच जणांची समिती नेमली. तिच्यात कोषागाराचा एकही माणूस घेतला नाही. नवं चलन येणार होतं, पण खरी गोष्ट नवी नोट नव्हती. छापखान्याला हुकूम देण्याचा कोषागाराचा अधिकारच काढून घ्यायचा होता. खर्च परवडत नसेल तर सैनिक घरी पाठवा, कारकून कमी करा, पण शनिवारचा तो कागद बंद.

समितीने थोरलीला बोलावलं, शपथ दिली आणि नव्या नोटेचं चित्र समोर ठेवलं. नवी नोट येण्याच्या दिवसाबद्दल एक शब्दही बाहेर गेला तर तुरुंग. तिने सही केली.

सात आठवडे तिने पुन्हा चेहरा कोरला.

या धंद्यात एक रीत होती. ठसा पुरा झाला की कोरणारा त्यात स्वतःची एक खूण ठेवतो. केसाएवढी रेघ, नक्षीत लपलेली. ती अगदी शेवटी कोरायची, कारण दुसऱ्या दिवशी ठसा भट्टीत जातो, पोलाद कडक होतं आणि मग त्यावर कोरणी चालत नाही. खूण नसलेला ठसा भट्टीत घ्यायचा नाही, असा शंभर वर्षांचा नियम. खूण कुठे आहे हे कोरणाऱ्याला, मुकादमाला आणि कोषागाराच्या तपासनीसाला ठाऊक असे. अकरा वर्षं तो तपासनीस शून्यसाहेबच होता. थोरलीची खूण डाव्या पापणीखाली तिसऱ्या रेघेला फुटलेला फाटा असे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

नव्या नोटेचा ठसा महिनाअखेरीस खूण घेऊन भट्टीत गेला. पुढे तळघरात, बंद दारामागे, छपाई सुरू झाली. इकडे ठसा भट्टीत जाताच थोरलीने रीतीप्रमाणे जोडठसा कोरायला घेतला. पहिला तडकला तर हाताशी दुसरा असावा म्हणून तो कोरून ठेवतात. त्याची कोणालाही घाई नसते. तिने तो आठ आठवड्यांत पुरा केला. खूण सोडून.

तो तिने टेबलावर ठेवला, वर फडकं टाकलं, आणि रोजचं शून्यं कोरायचं काम सुरू ठेवलं.

नवव्या दिवशी शून्यसाहेब आला. जुने ठसे मोजायच्या निमित्ताने आला होता. अंगाने थोडा सुटला होता, कोटाला अस्तर नवं होतं.

"काय ताई, येत नाही तुम्ही घरी. धाकटी आठवण काढते."

"वेळ कुठे मिळतो? तुमचीच शून्यं कोरतेय."

तो हसला. मग दार लोटून घेतलं. "ताई, आपण घरचे. बाहेर कुजबुज चालू आहे. नवं काहीतरी येतंय म्हणे."

"मी शपथ घेतलीय. मला काही विचारू नका."

"म्हणजे येतंय." त्याची नजर टेबलावर फिरली आणि फडक्यावर थांबली. थोरलीने फडक्यावर हात ठेवला. ठेवायचा तेवढाच वेळ ठेवला, मग उचलला आणि पाणी प्यायला खिडकीकडे गेली.

तिची पाठ होती, पण भिंग उचलल्याचा आवाज तिला आला. लाकडी मुठीचं अण्णांचं भिंग होतं ते. पेला रिकामा व्हायला तिने हवा तेवढा वेळ घेतला.

"अप्रतिम काम," तो मागून म्हणाला. आवाजात आता घाई नव्हती. "अजून बाकी आहे वाटतं."

"हा ठसा अजून भट्टीत गेलेला नाही," थोरली म्हणाली. "आणि तुम्ही तो पाहिलेला नाही."

"छे! काय पाहिलं मी? आणि घाई करू नका हं. तुमचं काम सावकाशीचं."

"घाई मी कधीच केली नाही."

जाताना तो बोटांवर काहीतरी मोजत होता. भट्टीला दहा दिवस, त्यावरून छपाईचे ठसे उतरवायला पंधरा, छपाई सहा आठवडे. दोन महिने तरी हातात होते. हा हिशेब थोरलीलाही तोंडपाठ होता. तळघरात त्या वेळी शेवटच्या गठ्ठ्यांना दोऱ्या बांधत होते.

शून्यसाहेबाने दुसऱ्याच दिवशी कातडेवाल्याकडून आयुष्यात उचलले नव्हते एवढे पैसे उचलले. राहतं घर, अण्णांच्या दुकानासकट ती सहाही घरं, धाकटीचे दागिने, सगळं तारण लिहून दिलं. पाच आठवडे, व्याज आठवड्याला दुप्पट, मुदतीआधी फेडलं तरी व्याज पूर्ण मुदतीचं. त्या पैशांत त्याने नदीकाठचं साखरेचं गोदाम भरल्या पोत्यांसकट घेतलं.

सहाव्या दिवशी सकाळी अकराची घंटा झाली नाही. मुकादमाने एकेक यंत्र बंद केलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीत माणसांचे खोकले ऐकू आले. दुपारी भिंतींवर जाहीरनामे लागले. नवी नोट उद्यापासून. जुनी एका ठरलेल्या दराने बदलून मिळेल, आणि यापुढे एकही जुनी नोट छापली जाणार नाही.

पहिला आठवडा भाव हलले नाहीत. लोकांना विश्वास बसेना. पोरं दुकानांच्या पाट्या वाचायला उगाच फेऱ्या मारत. दुसऱ्या आठवड्यात साखर उतरली. शून्यसाहेबाचं कर्ज मात्र कागदावर लिहिल्याप्रमाणे दुप्पट झालं. मग चौपट. नोट आता घसरत नव्हती आणि व्याज थांबत नव्हतं. पाचवा आठवडा संपला तेव्हा उचललेल्या रकमेच्या बत्तीसपट देणं झालं होतं, आणि गोदाम घेतल्यापेक्षा कमी भावातही कोणी घेत नव्हतं. कातडेवाला दोन माणसं आणि एक कुलूप घेऊन आला. त्याला शून्यसाहेबाने खूप समजावलं. परिस्थिती बदलली, दर वेडेपणाचा होता, माणुसकी म्हणून काही असतं.

"कागदावर जो आकडा आहे तो आहे," कातडेवाला म्हणाला. "मी तुमच्यासारखा शिकलेला नाही, साहेब. मला एवढंच वाचता येतं."

कोषागारातून त्याला आधीच काढलं होतं. तो छापखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, तेव्हा सुट्टी होईपर्यंत थांबला.

"ताई." दाढी वाढली होती. "खूण नव्हती. मी स्वतः पाहिलं. पापणीखाली खूण नव्हती."

"त्या ठशावर अजूनही नाही."

त्याला समजायला दोन-तीन श्वास लागले. थोरली ते समजताना बघत राहिली. इतके दिवस याचसाठी थांबली होती, तेव्हा तिने नजर हलवली नाही.

"जोडठसा," तो म्हणाला. "तुम्ही मला फसवलंत."

"एक तरी वाक्य खोटं बोलले? आठवा. एकही नाही. आणि खरं सांगितलं असतं तर तुरुंगात गेले असते. शपथ ती शपथ."

"मी रस्त्यावर आलो, ताई! धाकटी रस्त्यावर आली!"

"अण्णा जिन्यावर आले होते," थोरली म्हणाली आणि चालू लागली.

दोन दिवसांनी संध्याकाळी धाकटी आली. थोरलीची भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. धाकटी दारातच उभी राहिली. कान, गळा, हात सगळं मोकळं.

"तुला दिवस माहीत होता?"

"हो."

"मला सांगायचंस. फक्त मला. मी दागिने तरी वाचवले असते."

"तू अण्णांना सांगितलं होतंस?"

धाकटीने मोकळ्या मनगटावरून हात फिरवला.

"कागद झाला त्याच्या आदल्या दिवशी तो तुझ्याशी बोलला असणार. इतकी हुशारी बायकोला दाखवल्याशिवाय त्याला झोप लागली नसती. बोलला ना?"

"बोलला," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, एवढं नाही होणार. थोडंफार होईल. आपल्या घरातच राहील सगळं, असं वाटलं." ती भिंतीला टेकली. "तुला राग माझ्यावरही आहे."

"आहे."

"अण्णांना हे आवडलं नसतं, ताई."

"नसतंच आवडलं. त्यांनी त्याला चहा पाजला असता."

"मग कोणासाठी केलंस?"

थोरलीने विचार केला. उत्तर सोपं होतं आणि ते द्यायला तिला लाज वाटत नव्हती.

"माझ्यासाठी. मला करावंसं वाटलं, आणि केल्यावर बरं वाटलं. अजून वाटतंय." तिने कोपऱ्यातली खाट दाखवली. "तू राहा. हवी तितकी राहा. तो या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही."

"तो खाली उभा आहे. ट्रंक घेऊन."

"मला दिसलं."

धाकटी थोडा वेळ खाटेकडे बघत राहिली. मग पदर सारखा केला आणि खाली गेली. थोरलीने तिला थांबवलं नाही. ती खिडकीशी गेली.

रस्त्यावर एक हातगाडीवाला होता. शून्यसाहेबाने कोटाच्या दोन्ही खिशांतून जुन्या नोटा काढल्या, पुडकीच्या पुडकी. बँकेत त्या अजून बदलून मिळत होत्या, पण रांग दोन दिवसांची होती. हातगाडीवाल्याने पुडक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. नवं एक नाणं मागितलं. शून्यसाहेब हात हलवत त्याला काहीतरी समजावून सांगू लागला, बहुधा नोटांचा दर. गाडीवाल्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेला.

मग एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने धाकटीने ट्रंक उचलली. कडी धाकटीच्या हातातून दोनदा सुटली. दुसऱ्यांदा तो तिच्यावर ओरडला. तीही ओरडली. मग दोघं खाली वाकली, ट्रंक उचलली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

थोरलीने खिडकी लावली आणि बटाटे उकडायला ठेवले.